धुतलेला मुखवटा

आर्वोने मुखवटा हातात घेतला आणि आधी उलटा केला. बाहेरून बघणारे पुष्कळ असतात, तो नेहमी आतून बघायचा.

आतली बाजू पांढरीशुभ्र होती.

"धुतलास?" त्याने विचारलं.

"धुतला म्हणजे? दोन दिवस घासत होते, ब्लीच लावून," लॉरेट म्हणाली. "शनिवारी हॉकीच्या रिंकवाले न्यायला येणार. काचेच्या कपाटात ठेवणार, खाली ओमेरचं नाव. आत तपकिरी डाग होता. लोकांनी काय तो बघत बसायचं?"

आर्वो खुर्चीत बसला.

त्याच्या तळघरात बर्फावरच्या हॉकीतल्या गोलकीपरांचं वापरलेलं सामान होतं. एकेचाळीस जणांचं. फाटके पॅड, कुबट हातमोजे, घामाने कडक झालेले पट्टे. प्रत्येकाखाली चिठ्ठी: कोण, कुठल्या टीमचा, निकेलच्या खाणीत कुठल्या पाळीला. गाव हसायचं. "स्वतः कधी गोलात उभा राहिला नाही, म्हणून दुसऱ्यांचे मोजे हुंगतो." सहा हंगाम तो ओमेरचा राखीव गोलकीपर होता. म्हणजे सहा हंगाम बाकावर.

तळघरात फक्त ओमेरचा मुखवटा नव्हता. पन्नास वर्षं आर्वोने तो मागितला नाही. मार्चमध्ये ओमेर गेला, आणि आज आर्वो त्याच्या बायकोकडे, लॉरेटकडे, तो मागायला आला होता.

"तुला काय, घाणच हवी होती?" लॉरेटने टार्टची बशी त्याच्यापुढे सरकवली.

"मी वापरलेलं सामान जमवतो. धुतलेलं नाही."

"वेडा आहेस तू. खा."

त्याने खाल्लं नाही. मुखवटा फिरवत राहिला. त्या काळी हे मुखवटे शाळेच्या वर्कशॉपमध्ये व्हायचे. नाकपुड्यांत नळ्या घालून तोंडावर प्लास्टर थापायचं, साचा काढायचा, त्यावर फायबरग्लास चढवायचं. ज्याचं तोंड त्याचाच मुखवटा. सख्ख्या भावाचा घातला तरी गालाला चावायचा. आर्वोचाही एक झाला होता. त्या मुखवट्याला खेळातली रबरी चकती कधी लागलीच नाही.

"फायनलला काय खेळला रे ओमेर!" लॉरेट म्हणाली. "सत्तेचाळीस शॉट अडवले. अंगात ताप, आवाज बसलेला. आला तोच मुळी मुखवटा घालून, कोणाशी एक शब्द नाही. शिट्टी झाली, सगळे मिठ्या मारताहेत, आणि हा मुखवटा न काढताच आत पळाला. ओकारी आली म्हणे. दहा मिनिटांनी बाहेर आला तर कसा, नुकता झोपून उठल्यासारखा ताजा."

"हं."

"आणि तू कुठे होतास?"

"माहीत आहे तुला."

"सांग ना. मला ऐकायला आवडतं."

"संडासात," आर्वो म्हणाला.

पन्नास वर्षांत गावाने त्याला हे विसरू दिलं नव्हतं. गावाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा सामना, आणि राखीव गोलकीपर पोट धरून संडासात, आतून कडी लावून! वर तिथेच पाय घसरून बेसिनवर गाल फोडून घेतलेला. व्रण अजून होता. बारमध्ये कोणी नवा दिसला की एखादा विचारायचाच, "आर्वो, बेसिनने तुला किती गोल मारले रे?" आर्वोही हसायचा. हसण्याची सवय लागते माणसाला.

"मी ओमेरला बजावलं होतं," लॉरेट म्हणाली. "फायनलच्या दिवशी दारूचा थेंब जरी घेतलास, तर परत तोंड दाखवू नकोस. त्या दिवशी शब्द पाळला त्याने. रिंकच्या दारातच मी त्याला लग्नाला हो म्हटलं." तिने ओट्यावरचा टार्टचा चुरा हाताने गोळा केला. "पाळलेला शब्द तेवढा एकच. पुढची पन्नास वर्षं बाटली काही सुटली नाही."

आर्वोने मुखवटा पुन्हा उलटा केला.

"तू का रे लग्न केलं नाहीस?"

"सामान ठेवायला जागा उरली नसती."

ती हसली नाही.

"लॉरेट, मला दे हा," तो एकदम म्हणाला. "काचेत नको. त्यांना काठी दे, पॅड दे. जन्मात तुझ्याकडे एवढं एकच मागतोय."

"धुतलेलं तुला नको ना होतं?"

"असू दे धुतलेलं."

"नाही." तिने मान हलवली. "रिंकला त्याचं नाव आहे, आर्वो. नातवंडं तिथे खेळतात, आजोबांचं नाव वाचून आत जातात. काचेत हाच मुखवटा पाहिजे, आणि असाच पाहिजे."

सहा हंगाम बाकावर बसूनही आर्वोला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. त्याने मुखवटा टेबलावर ठेवला, उठून कोट घातला, टोपी शोधली.

"थांब," लॉरेट म्हणाली. "नेऊ नकोस. एकदा घालून मात्र बघ."

"मला बसणार नाही."

"माहीत आहे मला."

तिने दोन्ही हातांनी मुखवटा त्याच्या तोंडावर धरला. कड गालाला टेकली, बरोबर व्रणावर. तिने तिथे बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"रक्ताचा डाग इथे होता," ती म्हणाली. "लग्नाला सहा महिने झाले तेव्हा पहिल्यांदा दिसला. ओमेरच्या गालावर कधी साधा ओरखडाही नव्हता, आर्वो."