वेढे

एकशे नऊ, एकशे दहा... इन्व्हर्टरच्या ट्रान्सफॉर्मरची जळकी तार काढून दिनकरराव नवी गुंडाळत होते. हल्ली ते आकडे विसरायचे. आज मोजणी चुकली तर दुकान बंद, असं त्यांनीच बायकोला सांगितलं होतं.

पूर्वी ते वेढे मोजायला बसले की घर मुकं व्हायचं. शालनने एकदा चहाचं विचारलं, तर दोनशे वेढे उलगडावे लागले. तेव्हापासून ती दारातून नुसता कप दाखवायची.

बाहेर हॉर्न वाजला. हात फिरत राहिला, आकडा निसटला.

"चुकलं गं. संपलं दुकान."

"एकशे एकोणीस झालेत," मेथी निवडता निवडता शालन म्हणाली. "पुढे घ्या."

"तुला काय ठाऊक?"

"चाळीस वर्षं गप्प बसून दुसरं काय करत होते मी?"