तिसऱ्या कड्यातली पकड

"पुन्हा तिथेच तुटलं," वस्ताद म्हणाले. "तिसरं कडं. ताई आणि धाकटा."

धावपट्टीच्या कडेला, करड्या फरशीवर, साठ माणसं हातात हात धरून उभी होती. विमानातून उडी मारल्यावर पॅराशूट उघडायच्या आधी, जेमतेम मिनिटभरात, आकाशात साठ जणांची चार कडी जुळवायची, तर पावलं आधी जमिनीवर पाठ हवीत. शिबिराचा तिसरा दिवस होता. मुख्य प्रशिक्षकांना सगळे वस्ताद म्हणत, आणि वस्तादांना एकच गोष्ट खपत नसे: सुटलेला हात.

ताईने भावाकडे पाहिलं. त्याने तिला भलत्याच जागी, कोपरापाशी धरलं होतं, आणि बाकीची रांग दोन पावलं पुढे गेली होती.

"कुठे हरवतोस रे?" ती पुटपुटली.

"काही नाही. लक्ष नव्हतं," धाकटा म्हणाला.

धाकटा म्हणजे अडतीस वर्षांचा क्रेनचालक. पण ताईच्या लेखी तो अजून शेंबडाच. तिचं शिलाईचं दुकान होतं. शिबिरातल्या निम्म्या लोकांचे उडीचे पोशाख तिच्याच मशीनवरून उतरलेले, बाहीवरच्या धरायच्या जाड पट्ट्यांसकट. भाऊबहीण आठ वर्षं बरोबर उड्या मारत होते. परवापासून मात्र काहीतरी बिनसलं होतं.

परवा चौथ्या उडीत ते पहिल्यांदा झालं. तिने त्याची पट्टी धरली होती, त्याने तिची. सगळं जागच्या जागी. पुढच्या क्षणी पाहते तर त्याने पट्टी सोडून तिचं मनगट धरलेलं, पलीकडची रांग तुटलेली, आणि याचे डोळे चष्म्याआड भेदरलेल्या वासरासारखे. काल दोनदा तेच. आज न्याहारीला बोलता बोलता टेबलावर चहाच चहा, आणि हा फडक्याने पुसतोय.

"सांडलास ना?"

"हो, सांडला," तो खाली मान घालून म्हणाला.

बाबांचंही असंच सुरू झालं होतं. बोलता बोलता दहा सेकंद माणूस गायब. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नाही. बाबांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. डॉक्टरांनी सांगितल्यावर कंपनीने त्यांच्या हातून बस काढून घेतली, आणि खुर्चीत बसून बसून ते वर्षभरात संपले. त्यानंतर त्या दुखण्याचा विषय घरात कोणी काढला नाही.

दुपारी ती त्याला खोलीवर घेऊन गेली. दोन खाटा, एक पत्र्याचं कपाट, वाळत घातलेले ओले टॉवेल. धाकट्याच्या खाटेवरच्या चादरीला सुरकुतीसुद्धा नव्हती. गडी रात्रभर बसून होता म्हणायचा.

"बाबांसारखं होतंय," ती म्हणाली. "तुला कळतंय ना?"

त्याने बुटाची नाडी ओढली. "कळतंय," तो म्हणाला. "ताई, आज संध्याकाळीच घरी जाऊ. वस्तादांना काही नको सांगायला. दोघंही जाऊ."

"मी कशाला? चार वर्षं घासून जागा मिळवली आहे मी. उद्याच्या मोठ्या उडीत मी असणार. तू नाहीस."

"मग मीही असणार. तुझ्या शेजारी दुसरं कोणी नको."

"जीव नकोसा झालाय का तुला?"

यावर मात्र त्याला रडू फुटलं. एवढा मोठा बाप्या ओंजळीत तोंड लपवून हुंदके देऊ लागला, आणि ताईला स्वतःचीच चीड आली. पण ती उठली. रुसला तर जन्मभर रुसू दे, जिवंत तर राहील.

वस्ताद उड्यांचं चित्रण बघायच्या खोलीत एकटेच होते.

"धाकट्याला उद्याच्या यादीतून काढा," ती म्हणाली. "उडीत मध्येच त्याचं भान जातं. हात सोडतो. कुणाला तरी घेऊन खाली जाईल."

वस्ताद गंभीर झाले. "असल्या ऐकीव बोलण्यावर मी माणूस काढत नाही. चित्रण बघू."

"हातच्या काकणाला आरसा कशाला? माझ्या शेजारीच असतो तो!"

"तरी बघू. रोज आपण सगळी कडी एकदम बघतो. एकेक माणूस मोठा करून बघायला सवड कुणाला होते?"

तेवढ्यात धाकटा धापा टाकत दारात आला. "लावू नका ते!" तो म्हणाला. "माझं नाव खोडा. हात मीच सोडतो, हवं तर लिहून देतो. ताई, तू चल बाहेर."

"मुकाट बस," ती म्हणाली. "तुझ्यासाठीच करतेय."

तो बसला नाही. भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून उभा राहिला. वस्तादांनी दिवा मालवला, कालची दुसरी उडी काढली, तिसरं कडं पडदाभर मोठं केलं आणि चित्र सावकाश सोडलं.

धाकट्याची पकड घट्ट होती. ताई डोळ्यांत तेल घालून त्याच्या हाताकडे बघत राहिली. तो हात काही सुटेना. त्याच्या शेजारच्या बाईची मान मात्र एकाएकी छातीवर पडली, तिची बोटं उघडली, पाय लोंबायला लागले. धाकट्याने पलीकडची रांग सोडून दिली आणि दोन्ही हातांनी तिचं मनगट आवळून धरलं. नऊ सेकंद. मग त्या बाईने मान वर केली आणि रागाने त्याच्याकडे पाहिलं. पडद्यावरचा तो चेहरा ताईचाच होता.