लाल गाडी

बायको गेल्यापासून निवृत्त ड्राफ्ट्समनच्या घरात बोलणारा एक रेडिओच उरला होता. तरुणपणी ज्या वेगवान लाल गाडीकडे ते नुसते बघत राहायचे, तशीच एक जुनी गाडी आता त्यांच्या ऐपतीत आली होती. घ्यावी की नाही ते ठरेना, म्हणून विकणाऱ्याला विचारून त्यांनी ती मेकॅनिककडे आणली.

मेकॅनिकने गाडी खालीवर तपासली आणि हात पुसत तो त्यांच्या शेजारी बाकावर येऊन बसला.

"काका, खरं सांगू? रंग लाल असला तरी पांढरा हत्ती आहे हा. पळेल झकास, पण इंजिन थकलंय. महिन्यातून दोनदा तरी माझ्या दारात येईल. त्यापेक्षा छोटी नवी घ्या, वर्षभर इकडे फिरकायला नको."

"दर वेळी दुरुस्तीला किती वेळ लागेल?"

"अर्धा दिवस तरी मोडेल. इथेच बसून राहावं लागेल तुम्हाला."

"आणि तुम्ही असेच बोलत असाल?"

मेकॅनिक हसला. "काम करताना माझं तोंड काही बंद नसतं, काका."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि विकणाऱ्याला कळवलं, गाडी घेतो म्हणून.