बॉबिनची आई

कॉरल चाळिशीला आली, तरी लहानपणीच्या त्या बाहुल्यांच्या मालिकेचं वेड काही गेलं नव्हतं. त्यातला एक भाग तर ती वर्षानुवर्षं शोधत होती. बॉबिन नावाचं पेंग्विनचं पिल्लू किनाऱ्यावर एकटं पडतं आणि शेवटी त्याची आई समुद्रातून परत येते.

रविवारी तो भाग तिला इंटरनेटवर सापडला. पण त्यात आई आलीच नाही. बॉबिन लाटांकडे बघत बसला आणि कलाकारांची नावं सुरू झाली. तिने भाग पुन्हा लावून पाहिला. शेवट तोच. तिला घरात बसवेना. अंगणात येरझारा घालतच तिने बर्नी गावात राहणाऱ्या थोरल्या भावाला, डार्सीला, फोन लावला.

"डार्सी, मेल्यांनी शेवट कापलाय! आई येते, पिल्लाला कुशीत घेते. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

डार्सी हसला. "कुणी कापला नाही गं, वेडे. भाग तेवढाच होता. तू भोकाड पसरलंस, म्हणून मी टीव्ही बंद केला आणि बाबांचे काळे मोजे हातात चढवून पुढचं करून दाखवलं."

कॉरल जागीच थांबली. "आपली आई हॉस्पिटलात होती, तेव्हा?"

"हं."

"ती परत येईल, असं तुला वाटत होतं का रे?"



"त्या दिवशी सकाळीच बाबांनी मला सांगितलं होतं, आई गेली म्हणून. तुला ते सांगायलाच मला खोलीत पाठवलं होतं."