गांडुळांचा वाटा

"माझ्या गांडुळांच्या जिवावर कुणीतरी उठलंय!" बाल्कनीतल्या खताच्या डब्याचं झाकण उघडून सासरे ओरडले. निम्मी मेली होती. उरलेली जीव मुठीत धरून झाकणापर्यंत चढली होती.

मिठाने गांडुळं मरतात, म्हणून त्या डब्यात मी फक्त सासऱ्यांच्या ताटात उरलेलं टाकायचे. ब्लडप्रेशरमुळे त्यांचं जेवण अळणी. गोळ्या वाढवूनही प्रेशर उतरत नव्हतं, तो भाग वेगळा.

"हिला पहिल्यापासून किळस!" सासूबाईंकडे बोट दाखवत ते म्हणाले. "हिनेच काहीतरी कालवलंय."

सासूबाईंनी डब्यात वाकून पाहिलं. मग सासऱ्यांकडे.



"तुमच्याच ताटातलं खाऊन मेलीत ना? मग मिठाची पुडी कुठे लपवलीय, ते सांगा आधी."