लहान घराणं

लेकीच्या भाषणासाठी बाबांनी शिलाईचं दुकान बंद ठेवलं आणि स्वतः शिवलेला कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले. पडद्यावर महाकाय विषाणूंचा वंशवृक्ष होता.

“हे कुणा थोर पेशीचे झिजून लहान झालेले वारस नाहीत,” लेक ठणकावून सांगत होती. “यांचे पूर्वज अगदी किरकोळ विषाणू. ज्याच्या घरात शिरले, त्याच्याकडून एकेक जनुक उचलत हे एवढे मोठे झाले.”

शेजारचे प्राध्यापक बाबांकडे झुकले. “काका, विषय जरा अवघड आहे. काही कळलं का?”

“न कळायला काय झालं?” बाबांनी कॉलर सारखी केली. “लहान घरात जन्मायचं, भेटेल त्याच्याकडून शिकायचं आणि मोठं व्हायचं. आमच्या घरी आहे की तसं एक.”