तीन थापा

शांतवन आढावांनी कॅथेड्रलचं मोठं दार आतून लावलं आणि लाकडावर तळहात टेकून ते उभे राहिले. पदग्रहणासाठी आलेले नवे बिशप बाहेरून तीन थापा मारणार, मग आढावांनी आतून "कोण आहे?" असं विचारायचं आणि "प्रभूचा सेवक" असं उत्तर आलं की दार उघडायचं. रीतच तशी होती.

पंचाईत एवढीच, की आढावांना हल्ली धड ऐकू येत नव्हतं. कॅथेड्रलचा कारभार पाहणाऱ्या डीनसाहेबांनी विचारलं तेव्हा "ठणठणीत ऐकू येतं," असं त्यांनी ठोकून दिलं होतं. नाहीतर जन्मभर सांभाळलेलं हे दार दुसऱ्याच्या हाती गेलं असतं.

तळहाताला तीन हादरे बसले. "कोण आहे?" आढाव गरजले. उत्तर काही कानी पडेना. मागे सारी मंडळी ताटकळत उभी. शेवटी त्यांनी देवाचं नाव घेतलं आणि अडसर काढला. समोर बिशप हसत उभे होते. ऑर्गनचा सूर आढावांना पायांतून जाणवला.

उपासना संपून चर्च रिकामं झालं, तेव्हा बिशपांनी त्यांना नेमकं गाठलं. आपलं बिंग फुटलं, असंच आढावांना वाटलं.

बिशप त्यांच्या कानाशी येऊन चांगल्या चढ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही आतून विचारलंत ना हो? कानाचं मशीन घरीच राहिलं माझं. मी आपलं अंदाजानं उत्तर दिलं."

आढावांचा जीव भांड्यात पडला. "साहेब," ते ओरडलेच, "मीही अंदाजानंच उघडलं!"

बिशप पोट धरून हसले. "म्हणजे तीन थापा मी एकट्यानं मारल्या, आणि चौथी आपण दोघांनी मिळून!"